येत्या आठवड्याचा संकल्प केव्हा करावा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मेहरूण तलावाच्या कडेने सकाळी फिरणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींमध्ये कधी कधी मोठे प्रश्न निघतात, तर कधी अगदी साधे. त्यांतलाच एक साधा प्रश्न असा : येणाऱ्या आठवड्याची आखणी करायला सर्वांत चांगली वेळ कोणती? कोणी म्हणतं रविवारी रात्री, जेवणं झाल्यावर. कोणी म्हणतं सोमवारी पहाटे, मन ताजं असतं. नोकरी करणारी मुलं सांगतात की आता शुक्रवारी दुपारीच पुढचा आठवडा ठरवून टाकण्याची पद्धत आहे. आणि एखादे बुवा हसून म्हणतात, "अहो, उद्याचा श्वास आपल्या हातात नाही आणि तुम्ही सात दिवसांचं काय ठरवता?"

हे शेवटचं वाक्य मला सोडत नाही. कारण त्यामुळे वेळापत्रकाचा प्रश्न एकदम धर्माचा प्रश्न होतो. जो आठवडा अजून आपल्याला मिळालेलाच नाही, त्याची आखणी करण्याचा आपल्याला अधिकार आहे का? असला, तर तो कोणत्या मनाने वापरावा? मी काही शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. झालो आणि उभा जन्म बँकेत कारकुनी केली. तेव्हा जे थोडं वाचलं, ऐकलं आणि खातेवह्यांनी शिकवलं, त्याच्या आधाराने लिहितो.

आधी आठवडा म्हणजे काय ते बघू. दिवस सूर्याने दिला, महिना चंद्राने दिला, वर्ष ऋतूंनी दिलं. आठवडा मात्र आकाशात कुठे दिसत नाही. तो माणसाच्या हिशेबातून आला. त्याचं गणित मोठं गमतीचं आहे. जुन्या ज्योतिषात ग्रहांचा क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा लावतात. दिवसाचे २४ होरे, आणि प्रत्येक होऱ्याला या क्रमाने एक ग्रह. पहिला होरा ज्याचा, तो वार त्याचा. आता २४ ला ७ ने भागा, बाकी ३ उरते. म्हणजे रविवारचा पहिला होरा रवीचा धरला, तर तिथून तीन घरं ओलांडून दुसऱ्या दिवशीचा पहिला होरा चंद्राचा येतो. झाला सोमवार! पुढे मंगळ, मग बुध. कारकुनाला आवडेल असा हा हिशेब आहे.

आणि आपल्यासाठी विशेष गोष्ट म्हणजे, भारतातल्या शिलालेखांत वाराचा सर्वांत जुना समजला जाणारा उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या स्तंभावर आहे. बुधगुप्त राजाच्या काळातला, इ.स. ४८४ चा. त्यावर आषाढ शुद्ध द्वादशीची तिथी आहे, आणि वार आहे देवगुरूंचा, म्हणजे गुरुवार!

तर आठवडा ही माणसाने केलेली सोय आहे. म्हणूनच तो कुठून सुरू करायचा हेही ज्याच्या-त्याच्या जगण्यावर ठरतं. आपल्या खानदेशात शेतकऱ्याचा आणि मजुराचा आठवडा रविवार-सोमवारला नव्हे, गावच्या बाजाराच्या दिवसाला बांधलेला असायचा. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडायची, त्याच दिवशी तेल-मीठ-मिरची भरायची, उधारी चुकवायची, सोयरे भेटायचे, लग्नाचं बोलणं व्हायचं. "पुढच्या बाजाराला बघू" असं म्हटलं की तीच पुढच्या आठवड्याची आखणी! डायरी नव्हती, पण आठवड्याला खुंटा होता. पैसा हातात, सामान समोर आणि माणसं भेटलेली असताना ते लोक पुढचं ठरवत. नुसतं हवेत ठरवत नसत.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. आठवडा आखायला आधी आठवडा आपला असावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुटीच नव्हती. सातही दिवस भोंगा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले. रविवार हा खंडोबाचा वार आहे, त्या दिवशी कामगाराला देवासाठी, घरासाठी आणि समाजाच्या कामासाठी मोकळीक हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण "रविवारी काय करू या?" असं सहज विचारतो. तो प्रश्न विचारता येणं हीसुद्धा कोणीतरी झगडून मिळवून दिलेली ठेव आहे. आणि आजही ज्याला रोज सकाळी नाक्यावर उभं राहून काम शोधावं लागतं, त्याला आपण "नियोजन शिका" असा उपदेश करू नये.

आता त्या बुवांच्या वाक्याकडे येतो. त्यांच्या पाठीशी साक्षात अवधूत आहेत! श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्याच स्कंधावर नाथमहाराजांनी काशीत मराठी टीका पूर्ण केली. त्या चोवीसांत मधमाशी आहे. ती साठवते, आणि तिच्या साठ्यासकट तिचा नाश होतो. म्हणून भिक्षूने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठवू नये, असा बोध अवधूताने घेतला. अजगर आहे. तो समोर येईल ते खातो, न आलं तर पडून राहतो. मग दत्तभक्ताने पुढच्या आठवड्याचा विचार करणं म्हणजे अविश्वासच झाला की काय?

मला तसं वाटत नाही. एक तर हा बोध भिक्षेवर राहणाऱ्याला आहे. आपण प्रपंचातली माणसं. आपल्याकडे कोणाच्या औषधाची वेळ आहे, कोणाच्या फीची तारीख आहे, दारावर येणाऱ्या दूधवाल्याचा महिना भरलेला आहे. आपण अजगर झालो तर उपाशी आपण नाही, दुसरा राहतो. दुसरं असं की मधमाशीचा दोष साठवण्यातला आहे, मांडणीतला नाही. ज्याच्यावर आपला हक्क नाही ते आपलं म्हणून धरून बसणं वेगळं, आणि पदरी आलेलं काम नीट क्रमाने लावणं वेगळं. त्याच चोवीसांत बाण करणारा कारागीरही आहे. राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळलं नाही, इतका तो हातातल्या कामात बुडालेला. माझा अनुभव सांगतो, पुढचं कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल तरच हातातल्या कामात असं बुडता येतं. नाहीतर बाण इथे आणि मन तिथे.

आखणी कशी असावी याचा नमुना तर आपल्या घरातच आहे. दत्तजयंतीच्या आधीचा श्रीगुरुचरित्राचा सप्ताह! सात दिवसांची इतकी विचारपूर्वक वाटणी मी कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात पाहिली नाही. एका प्रचलित पद्धतीत पहिल्या दिवशी ९ अध्यायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. दुसऱ्या पद्धतीत ७, १८, २८, ३४, ३७, ४३ आणि मग शेवट. मी सवयीने बेरीज-वजाबाकी केली. पहिल्या पद्धतीत एका दिवशी १२ अध्याय येतात, तर पाचव्या दिवशी फक्त ३. दुसऱ्या पद्धतीतही पाचव्या दिवशी तीनच. असं का? तर ३६ व्या अध्यायात नित्याचा आचार विस्ताराने सांगितलेला आहे. तो मोठा आहे, जड आहे, घाईत उरकण्यासारखा नाही. ज्यांनी ही वाटणी केली त्यांनी ५२-५३ ला ७ ने भागलं नाही. त्यांनी वजन पाहिलं. आपण मात्र सोमवारी आठ कामं, मंगळवारी आठ कामं अशी यादी करतो आणि बुधवारी दमून बसतो. डॉक्टरांकडे जाणं हे एकच काम ज्या दिवशी आहे, तो दिवस भरला असं समजावं.

आणि सप्ताहाच्या आधी आपण संकल्प करतो. संकल्पात स्थळ येतं, तिथी-वार-नक्षत्र येतं, करणाऱ्याचं नाव-गोत्र येतं आणि काय करणार ते येतं. हेतूही येतो. पण तो मागणं म्हणून येतो, येणं म्हणून नाही. 'हे मिळालंच पाहिजे' अशी वसुलीची नोटीस संकल्पात नसते. आपल्या खानदेशातलं उदाहरण द्यायचं तर तापीकाठच्या सारंगखेड्याचं. एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिथला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. परराज्यांतले व्यापारीसुद्धा घोडे घेऊन येतात. त्यांना किती आधीपासून तयारी करावी लागत असेल! चारा, वाटेतले मुक्काम, गाड्या, माणसं. पण घोड्याला भाव काय येईल हे कोणाच्याही डायरीत लिहिलेलं नसतं. घोडा निरोगी ठेवून वेळेवर पोचवणं हा संकल्प. भाव महाराजांकडे.

आता बँकेचं. आमच्या वेळी खातेवह्या हाताने लिहायच्या. दिवसअखेर नावे आणि जमा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. ठरावीक काळाने तेरीज काढायची. बँकांच्या जगात शुक्रवारला मोठा मान. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातल्या ४२ व्या कलमानुसार एका शुक्रवाराआडची स्थिती वर कळवावी लागे. त्यातून मी तीन गोष्टी शिकलो, आणि त्या आठवड्याला जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली, मागचं बंद केल्याशिवाय पुढचं उघडू नये. गेल्या आठवड्यातलं कोणतं काम राहिलं, कोणाला शब्द दिला होता, कोणाचे किती द्यायचे, ते आधी बघावं. ते न बघता नवीन यादी करणं म्हणजे मागची बाकी पुढे न ओढता नवीन पान सुरू करणं.

दुसरी, मुदतीची नोंदवही. कोणत्या ठेवीची मुदत कधी संपते, कोणता विमा कधी भरायचा, हे तारखेप्रमाणे आधीच लिहिलेलं असे. स्मरणशक्तीवर बँक चालत नाही, घरही चालत नाही.

तिसरी, राखीव रोकड. ठेवीदारांचे सगळे पैसे बँक कर्जाऊ देऊ शकत नाही. काही भाग बाजूला ठेवावाच लागतो. कोण कधी दारात येईल सांगता येत नाही, म्हणून. आठवड्याचंही तसंच आहे. सातही दिवस काठोकाठ भरले, तर शेजाऱ्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली की आपल्याला तो माणूस अडचण वाटू लागतो. हा नुसता गैरसोयीचा मुद्दा नाही, नीतीचा आहे. ज्याच्या आठवड्यात मोकळी जागाच नाही, तो दार उघडतानाच आठ्या घालतो. आणि दत्तमहाराज कोणत्या वेषात, कोणत्या वेळी दारात उभे राहतील, हे सांगणाऱ्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मग वेळ कोणती? रविवारी रात्री मनात उद्याची धास्ती असते. धास्तीने केलेली यादी लांब होते. शिवाय रविवारी रात्री कोणाला विचारता येत नाही. कचेरी बंद, बँक बंद, डॉक्टरांचा फोन लागत नाही. ठरवलेलं सगळं अंदाजावर. सोमवारी सकाळी घाई असते. घाईत जे समोर ओरडतं तेच मोठं वाटतं. शुक्रवारची दुपार त्यातल्या त्यात बरी. मागचा आठवडा डोक्यात ताजा असतो.

माझी निवड गुरुवार संध्याकाळची आहे, आरती झाल्यावरची. त्यामागे मुहूर्ताचा विचार नाही. पंचांगाचा मी मान ठेवतो, पण विजेचं बिल भरायला मुहूर्त लागत नाही. कारणं दोन. एक, गुरुवारनंतर शुक्रवार शिल्लक असतो. काही विचारायचं, ठरवायचं, नाव नोंदवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी करता येतं. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्यामुळे कित्येक आठवड्यांत शुक्रवार हाच शेवटचा कामाचा दिवस. दोन, आरतीनंतर थोडा वेळ तरी मन काही मागत नसतं. धूप अजून दरवळत असतो, हातावर प्रसाद असतो. त्या वेळी केलेली यादी आखूड होते, हे मी अनेकदा पाहिलं. ज्याचा कामाचा दिवस वेगळा, त्याने आपला खुंटा वेगळा ठोकावा. पण मागचं बंद झालेलं, विचारायला माणसं उपलब्ध आणि मन मागत नसलेलं, या तीन गोष्टी जिथे जमतील ती वेळ उत्तम.

हे एकट्याने करायचं काम नाही, हेही सांगितलं पाहिजे. घराचा खरा नियोजनकार स्वयंपाकघरात असतो. १९७३ साली सुरू झालेलं 'कालनिर्णय' आमच्याकडे ओट्याशेजारी टांगलेलं असतं. त्यावर दुधाच्या खुणा, सिलिंडर कधी लावला, कोणाचा उपास, नळाला पाणी कोणत्या दिवशी, सगळं बारीक अक्षरात. नोकरीत असताना मी टेबलावर डायरी ठेवत असे आणि घरात हे पान. दोन्ही समोरासमोर ठेवून बसायला लागलो ते निवृत्तीनंतर. मी पाहुण्यांना परस्पर भरिताच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं आणि वांगी भाजायला दुसऱ्याने बसायचं, ही आखणी नव्हे. दुसऱ्याचा वेळ न विचारता आपल्या यादीत लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढणं.

शेवटी माझ्या थोरल्या भावाविषयी लिहितो. दादांना शेवटची दोन वर्षं डायलिसिस होतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. त्यांचा आठवडा त्या यंत्राने बांधलेला. गुरुवारी संध्याकाळी अंग जड व्हायचं, पाय सुजलेले असायचे. शरीराच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट वेळ. तरीही आरती झाली की ते शाळेची शंभरपानी वही घेऊन बसायचे आणि पुढच्या आठवड्याचं लिहायचे. मी एकदा म्हटलं, "दादा, बरं वाटत नाही तर राहू द्या ना." ते म्हणाले, "अरे, उद्या चार तास पडून राहायचं आहे. डोक्यात घरपट्टी आणि किराणा असला तर नाम कुठे घेणार? लिहून टाकलं की वही काळजी करते, मी मोकळा."

त्यांचं अक्षर वळणदार, आणि नुसतं 'बिल' असं ते लिहीत नसत. कोणतं बिल, किती, पावती कुठल्या पिशवीत, सगळं. आमच्या बँकेतही बदलीवर जाताना पदभार असाच द्यायचा असतो. उद्या या खुर्चीवर दुसरा बसणार आहे, त्याला वाचता आलं पाहिजे.

एका मार्गशीर्षात, शनिवारी पहाटे, दादा गेले. तेराव्यानंतर पुतण्याने ती वही काढली. त्या आठवड्याच्या पानावर सात ओळी होत्या. दोन खोडलेल्या. उरलेल्यांपैकी दूधवाल्याचे पैसे पुतण्याने दिले. घरपट्टी मी भरली. पुण्याच्या नातवंडांना मेहरूणची बोरं पाठवायची होती, ती पाठवली. मंदिरातल्या समईसाठी तेलाचा डबा द्यायचा होता, तो दिला. सगळं लिहिलेलं इतकं स्पष्ट होतं की कोणाला काही विचारावं लागलं नाही. शेवटची ओळ रविवारच्या खाली होती : 'धाकट्याशी निवांत बोलणे.'

धाकटा म्हणजे मी. काय बोलायचं होतं, ते लिहिलेलं नव्हतं. एवढ्या नेटक्या माणसाच्या वहीत ही एकच नोंद अशी, जी दुसऱ्या कोणालाही पुरी करता आली नाही.

त्या ओळीवर मी पुष्कळ विचार केला. बुवांचं म्हणणं खरं ठरलं का? रविवार मिळाला नाही, हे खरंच. पण सातांपैकी सहा कामं झाली, आणि ती झाली आखणीमुळेच. म्हणजे आखणी आपल्याला पुढचा आठवडा मिळवून देत नाही. ती फक्त आपण असलो-नसलो तरी आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांचा घोटाळा होऊ देत नाही. एवढ्यासाठी ती करायचा अधिकार आपल्याला आहे. अधिकार कसला, ते कर्तव्यच आहे. आणि तेव्हापासून मी माझ्या यादीत एक बदल केला. कागदांची कामं, पैशांची कामं आठवड्याच्या शेवटाकडे ढकलतो, कारण ती दुसरा कोणीही करू शकतो. माणसांशी बोलायची कामं मात्र पहिल्या दिवशी. यादी करतानाच फोन उचलता आला तर त्याहून उत्तम.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दत्तजयंतीचा सप्ताह चालू असेल. पोथी ठेवल्यावर, आरती झाल्यावर पाच मिनिटं एक कागद घ्या. घरातल्या माणसांना जवळ बसवा. मागची बाकी लिहा, पुढचं वजन बघून वाटून घ्या, एक दिवस कोणासाठी तरी मोकळा सोडा. आणि ज्याच्याशी बोलायचं राहिलं आहे त्याचं नाव सर्वांत वर लिहा.

सर्वांचा येता आठवडा महाराजांच्या कृपेने सुखाचा जावो, हीच दत्तचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥